इंजिनाचं नाक

मागच्या उन्हाळ्यात माझ्या चुलत भावाच्या, दत्तूभाऊच्या नातवाचं लग्न झालं. जेवणं उरकल्यावर आम्ही म्हाताऱ्या बायका मांडवाच्या कडेला खुर्च्या ओढून बसलो होतो. दत्तूभाऊची सून नव्या नवरीला पाया पडायला घेऊन आली आणि माझ्याकडं बोट करून म्हणाली, “ह्या आपल्या इंजिनवाल्या आत्याबाई बरं का. ह्यांनी नको त्या दिवसात हात लावला अन् गावातलं पहिलं इंजिन जागच्या जागी बसलं!” सगळ्या हसल्या. नवरीही हसली, तिला बिचारीला काय ठाऊक. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, सुखी राहा म्हणाले आणि औरंगाबादेत घरी पोचेपर्यंत मुलाशी एक शब्द बोलले नाही. आबा गेले, अण्णा गेले, दत्तूभाऊसुद्धा गेला, पण ते खोटं अजून धडधाकट आहे आणि घरच्या लग्नांत पंगतीला बसतंय. मुलगा म्हणाला, “आई, एवढी जुनी गोष्ट, सोडून दे ना.” सोडणार नाही. इंजिन माझ्यामुळं बिघडलं नव्हतं. ते कुणामुळं बिघडलं, कसं बिघडलं आणि ते ठाऊक असणारी माणसं कशी गप्प बसली, हे मी लिहून ठेवणार आहे.

आमचं घर कुंभार पिंपळगावात. अण्णा म्हणजे माझे वडील. आबा त्यांचे थोरले भाऊ, घरातला शेवटचा शब्द आबांचा. आबांची बायको, म्हणजे दत्तूभाऊची आई, तो लहान असतानाच वारली होती, त्यामुळं घरातल्या सगळ्यांचं आणि शेतावरच्या गड्यांचं रांधणं-वाढणं एकट्या मायच्या अंगावर. मला कळायला लागल्यापासून माझी सकाळ जात्याच्या घरघरीनं व्हायची. कोंबडं आरवायच्या आधी माय जात्यावर बसे, दिवस वर येईपर्यंत ज्वारी दळी, आणि मग त्याच हातांनी भाकरी थापायला घेई. तिचे तळवे बैलाच्या खांद्यासारखे झाले होते. माझ्या गालावरून हात फिरवला की ओरखडे उठायचे, म्हणून ती हाताची मागची बाजू फिरवायची. अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, सणासुदीला येसराची आमटी, सगळं तिच्या हातचं गोड लागे. पण ती स्वतः कधी सगळ्यांबरोबर जेवली असं मला आठवत नाही.

मग आबांच्या मनानं घेतलं की गावात चक्की टाकायची. इंजिन आगगाडीनं परतूर स्टेशनावर उतरलं आणि तिथून बैलगाडीनं गावात आलं. लहानसंच होतं, गुडघ्याच्या वर येईल एवढं, पण गावानं तोवर असलं काही पाहिलं नव्हतं. घराच्या आणि रस्त्याच्या मधे पत्र्याचं शेड उभं राहिलं. पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की राकेलवर घ्यायचं. त्याची पुक् पुक् पुक् पार नदीच्या बाजूच्या रानात ऐकू जायची, आणि ती ऐकून आसपासच्या वाड्यांवरून बाया डोक्यावर पाट्या घेऊन निघायच्या. पहिल्या दिवशीचं पीठ हाताला चटका बसेल इतकं गरम होतं. मायनं चिमूटभर तोंडात टाकलं आणि म्हणाली, “शिजल्यावानी लागतं गं.” तिला त्या पिठाची भाकरी आवडली नाही. पण दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी माय झोपलेली होती. तिला झोपलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तोंड थोडं उघडं, एक हात उशाखाली, आणि घरात एवढी शांतता की मला वाटलं हिला काही झालं.

इंजिन बसवायला परतूरहून उस्मान मिस्त्री आले होते. आठ दिवस ते शेडातच राहिले. त्यांनी शिकवायचं अण्णांना असं ठरलं होतं, कारण चक्की अण्णा बघणार होते. पण अण्णांची बोटं जाड, जवळचं नीट दिसत नव्हतं, आणि बारीक काम हातात आलं की त्यांना घाम फुटे. मी तेव्हा अकराएक वर्षांची असेन. मिस्त्रींना चहा घेऊन जायची आणि तिथंच उकिडवी बसून राहायची. चौथ्या दिवशी अण्णांच्या हातून तोच बारीक नट तिसऱ्यांदा निसटला तेव्हा मिस्त्री हसून म्हणाले, “पाटील, तुमच्याच्यानं न्हाई व्हायचं. ये बेटी, तू ये.”

त्यांनी मला दोन कामं शिकवली. पहिलं हवेच्या डब्याचं. आता त्याला एअर फिल्टर म्हणतात. टिनाचा गोल डबा, आत तारांचा काथ्यासारखा गुंता, तेलानं ओलसर केलेला. इंजिन त्यातून हवा ओढायचं आणि हवेतलं पीठ, धूळ त्या ओल्या तारांना चिकटून राहायची. “हे इंजिनाचं नाक हाय बेटी,” मिस्त्री म्हणाले. “तुझ्या नाकात पीठ गेलं तं तू शिंकशील. ह्याला शिंकता येत न्हाई. हे मरून जाईल. म्हणून ह्याचं नाक बराबर साफ ठेवायचं. बाजाराच्या आदल्या दिवशी. बिलकुल चुकवायचं न्हाई.” दुसरं काम प्लगचं. तो पान्यानं सोडवायचा, टोकावरची काजळी तारेच्या ब्रशानं उडवायची, आणि दोन टोकांतली फट बघायची. माझ्या अंगठ्याचं नख त्यात जेमतेम जायला पाहिजे, अडकायला नको आणि ढिलंही पडायला नको. प्लग पुसायच्या आधी त्याचा रंग बघायचा हेही त्यांनीच सांगितलं. विटकरी असला तर इंजिन खुशीत आहे. कोरडा काळा असला तर नाक चोंदलंय. आणि तेलानं ओला निघाला तर आतल्या रिंगा गेल्या, मग मात्र उस्मानला बोलवायचं.

दोन वर्षं मी हे काम केलं. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारची दळणं संपली, इंजिन थंड झालं की मी पदर खोचून, म्हणजे तेव्हा परकरच, शेडात जायची. घमेल्यात थोडं राकेल घ्यायचं, डबा उघडायचा, तारांचा गुंता त्यात खळखळून काढायचा. खाली लापशीसारखा गाळ बसे. मग तो गुंता सावलीत सुकवायचा, नव्या तेलात बुडवायचा, निथळायचा आणि पुन्हा बसवायचा. अण्णा दारात उभे राहायचे, हातात फडकं घेऊन. मी हात पुढं केला की ते फडकं द्यायचे. फार बोलायचे नाहीत. प्लग लावून झाला की म्हणायचे, “झालं का कमळ?” मी म्हणायची, “झालं. विटकरी हाय.” मग ते हँडल मारायचे आणि इंजिन पहिल्या नाहीतर दुसऱ्या झटक्याला धरायचं. मला त्या घरात तोवर कुणी कशासाठी विचारलं नव्हतं. त्या एका प्रश्नासाठी मी आठवडाभर वाट बघायची. गावात आबा सांगायचे, आमचं इंजिन दोन वर्षांत एकदा आजारी पडलं न्हाई. कुणामुळं, ते सांगत नसत. मला त्याचं काही वाटत नव्हतं. तेव्हा वाटायला पाहिजे होतं.

तेरावं सरता सरता मी बाजूला बसले. चौथ्या दिवशी न्हाऊन मी नेहमीसारखी शेडाकडं निघाले तर आबा ओसरीवर बसले होते. माझ्याकडं न बघता मायला ऐकू जाईल असं म्हणाले, “आता पोरीनं तिकडं पाय टाकायचा न्हाई. दसऱ्याला आपण त्याला हळदकुंकू वाहतो. ती लक्ष्मी हाय घरची. बाईमाणसाचा विटाळ तिला चालत न्हाई.” आत मायच्या भांड्यांचा आवाज चालूच राहिला. अण्णा शेडाच्या दारात फडकं घेऊन उभे होते, ते फडक्याची घडी घालायला लागले. त्याच सुमारास दत्तूभाऊ जालन्याहून परत आला. दोन वर्षं तो तिथं एका जिनिंगमधे होता. काय करत होता ते कुणाला नीट कळलं नाही, पण खिशात पाना खोचून फिरायचा. आबांनी इंजिन त्याच्या हवाली केलं. मी त्याला डब्याचं सांगायला गेले तर म्हणाला, “मी जालन्यात ह्याच्या दसपट मोठी इंजिनं हाताळून राह्यलो. तू चुलीकडं बघ.”

मला आत जायला बंदी होती, कानांना नव्हती. पाठीमागच्या अंगणात भांडी घासता घासता मी ऐकायची. तीन आठवड्यांत आवाज जड झाला, धापा टाकल्यासारखा. धुराड्यातून काळा धूर यायला लागला. वाळत घातलेल्या धोतरांवर ठिपके पडायचे. मला कळत होतं, नाक चोंदलंय. राकेलचा वास कपड्यांना लागतो म्हणून दत्तूभाऊनं एकदाही डबा धुतला नव्हता. मग एका सकाळी एकाएकी आवाज मोकळा झाला. दत्तूभाऊ ओसरीवर मिशीवर हात फिरवत सांगत होता, बघा, मी इलाज केला, आता कसं वाऱ्यासारखं पळतंय. मला आवाजात काहीतरी वेगळं वाटत होतं, कुणी दातांतून हवा ओढल्यासारखी एक सू सू. माझी अडचण होती त्या दिवशी. तरी मी शेडाच्या दारापर्यंत गेले. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगते. तिथूनच दिसलं. डबा काढून टाकलेला होता आणि इंजिनाचं तोंड उघडं पडलं होतं. आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर टाकीवाला चक्कीच्या पाळूला, म्हणजे दळायच्या दगडाला, छिन्नीनं टाके घालत बसला होता. छिन्नीच्या प्रत्येक घावासरशी दगडाची कच उडत होती आणि इंजिन ती गिळत होतं.

मी दत्तूभाऊला ओरडून सांगितलं, “भाऊ, डबा लाव! दगड आत जाऊन राह्यला!” तो म्हणाला, “बाजूला बसलेली ना तू? निघ हितून.” मी तशीच अण्णांकडं गेले. ते गोठ्यात होते. लांब उभी राहून सगळं सांगितलं. डबा काढलाय, कच आत जातेय, सिलिंडरला चरे पडतील. अण्णांना ते पुरतं कळलं. त्यांच्या तोंडावर दिसलं. “बघतो,” म्हणाले. त्यांनी बघितलं नाही. आबांच्या पोराला कसं बोलायचं, एवढंच असणार त्यांच्या मनात.

महिनाभरानं ऐन लगीनसराईत इंजिन बंद पडलं. शेडासमोर बायांची रांग होती. लग्नघरांची दळणं, शेवयांचे गहू, पाट्याच पाट्या. दत्तूभाऊनं हँडल मारून मारून हाताला फोड आणले. निळसर धूर सोडायचं आणि बसायचं. उन्हात तिष्ठत बसलेल्या बाया कुरकुरायला लागल्या. तेव्हा दत्तूभाऊनंच तोंड उघडलं. “मागल्या अडचणीत कमळी दारापोतर आल्ती. टाकीवाल्याला इचारा. तवापासनं बिघडलं हे.” माझ्याच कानांनी ऐकलं मी ते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या बायांनी माना डोलावल्या. रोज पहाटे जात्यावर मरणाऱ्या त्या बाया, ज्यांच्या दळणासाठी मी दोन वर्षं राकेलनं हात जाळून घेतले, त्या एकमेकींना म्हणाल्या, हां, मंग बिघडणारच की.

आबांनी मला बोलावलं. शेडात गोमूत्र शिंपडलं. नारळ आणला. मला सगळ्यांच्या देखत इंजिनासमोर नाक घासायला लावलं. मी अण्णांकडं बघितलं. ते रांगेच्या शेवटी उभे होते आणि आपल्या पायांच्या अंगठ्यांकडं बघत होते. त्यांना ठाऊक होतं. त्या सगळ्या जमावात खरं काय ते दत्तूभाऊला, मला आणि अण्णांना, एवढ्या तिघांना ठाऊक होतं. मी गुडघे टेकले, पिठानं पांढऱ्या झालेल्या फरशीवर नाक घासलं आणि उठले. रडले नाही. आबांनी नारळ फोडला, दत्तूभाऊनं हँडल मारलं. इंजिन अर्थातच चालू झालं नाही.

तिसऱ्या दिवशी उस्मान मिस्त्री आले. शेडात आबा, अण्णा आणि दत्तूभाऊ होते. दार लोटून घेतलेलं. मी पत्र्याच्या फटीला डोळा लावून बाहेर उभी. मिस्त्रींनी आधी प्लग काढला आणि बोटावर तेल घेऊन आबांना दाखवलं. मग इंजिनाचा माथा उघडला. बराच वेळ ते आत हात घालून चाचपत होते. हात बाहेर काढला, अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं. “पाटील, ही रेती हाय. दगडाची. सगळ्या सिलिंडरला चरे पडले.” मग त्यांनी वर बघितलं. “डबा कुठंय?” दत्तूभाऊ हातातला पाना पुसायला लागला. “हवेचा डबा! मी लावून गेल्तो, तो कुठंय?” दत्तूभाऊ म्हणाला, पडला असंल कुठंतरी.

कुठं पडलाय ते मला ठाऊक होतं. गोवऱ्यांच्या खोपीमागं, त्यानं भिरकावला होता तिथंच. मी धावत गेले, तो उचलला, दार ढकललं आणि आत शिरले. डबा मिस्त्रींच्या पायाशी ठेवला. पीठ आणि धूळ बसून त्याचा दगड झाला होता. मी म्हणाले, “आबा, हा विटाळ बघा. तीन आठवडे कुणी धुतला न्हाई, अन् मंग काढून फेकला. टाकीवाला बसला होता तवा तोंड उघडं होतं. मी भाऊला सांगितलं. अण्णांला सांगितलं. इचारा अण्णांला.”

आबांनी विचारलंच नाही. अण्णांकडं बघितलंसुद्धा नाही. मिस्त्री उठून उभे राहिले, म्हणाले, “पाटील, बेटी सच बोलते. ह्या पोरीच्या हातात होतं तवर मला कधी बोलावणं आलं न्हाई.” आबा शांतपणे म्हणाले, “ते आमचं घरचं आम्ही बघू. तुम्ही इंजिन दुरुस्त करा. अन् हितं जे बोलणं झालं ते ह्या पत्र्याच्या भाईर जायला नको.” दत्तूभाऊला एक शब्द बोलले नाहीत. त्याला कुणी फरशीवर नाक घासायला लावलं नाही.

जालन्याहून सामान आलं, मिस्त्रींनी आठवड्यात इंजिन उभं केलं. बाया पुन्हा रांगेत बसल्या आणि त्यांना सांगण्यात आलं की नारळ मानवला. मग एका सकाळी आबा स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि चुलीकडं बघत म्हणाले, “कमळे, बाजाराच्या आदल्या दिवशी तू ते डब्याचं काम करत जा. अडचणीचे दिवस सोडून. दार लावून करायचं, कुणाला दिसायला नको. गावात दत्तूच करतो म्हणून सांगायचं.”

मी भाकरीचं पीठ मळत होते. मी म्हणाले, “आधी त्या बायांसमोर सांगा.”

“काय सांगू?”

“काय झालं ते.”

आबांचा आवाज चढला. “जीभ लई लांब झाली हिची! करतीस का न्हाई?”

“न्हाई.”

तेव्हा माय बोलली. थोरल्या दिरांसमोर तिचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. पदर पुढं ओढून, भिंतीकडं तोंड करून, पण खणखणीत म्हणाली, “न्हाई म्हणली ना पोर.” आबा वळले आणि निघून गेले. तव्यावरची भाकरी करपली, ती मायनं स्वतःच्या ताटात ठेवली.

माझ्यावाचून चक्की वर्षभर कशीबशी चालली. मग तिचं नाक पुन्हा चोंदलं, पुन्हा रिंगा गेल्या, आणि आबांनी ती मोडीत काढली. माय परत जात्यावर बसली. गावातल्या बाया परत जात्यावर बसल्या. माझ्या एका नाहीमुळं ते झालं, असंही कुणी म्हणेल. म्हणू दे. मी त्याचा विचार पुष्कळ केलाय, मायचे तळवे बघून रडलेसुद्धा. पण दार लावून मी ते काम करायला पाहिजे होतं, असं मला एकदाही वाटलं नाही.

आबांवरचा राग मी पचवला असता. ते तसेच होते. दत्तूभाऊ भेकड होता, पुढं म्हातारपणी माझ्यासमोर बसायचं टाळायचा. माझा राग अण्णांवर आहे, आणि तो कमी होत नाही.

आबांना नाही म्हणाले त्याच दिवशी, दुपारी, अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. मी ज्वारी पाखडत होते. सुपातला एक खडा वेचून त्यांनी बाजूला टाकला. मग हळू आवाजात म्हणाले, “कमळ, मला ठाऊक हाय. तुझी चूक न्हाई.”

“मला ठाऊक असलेलं मलाच कशाला सांगता अण्णा?” मी म्हणाले. “तिथं सांगा. आत्ता दळणाला पंधरा-वीस बाया बसल्यात. त्या दिवशीच्याच हायत.”

अण्णा खरंच उठले. खुंटीवरचा रुमाल काढून डोक्याला बांधला, जसा ते बाहेरगावी जाताना बांधायचे तसा नीट. माझ्या हातातलं सूप थांबलं. मी त्यांची पाठ बघत होते. ते अंगण ओलांडून दरवाजापर्यंत गेले, कडीला हात घातला. बाहेरून बायांची बोलणी ऐकू येत होती. आणि मग ओसरीवरून आबांचा खोकला आला. नुसता खोकला. अण्णांचा हात कडीवर तसाच राहिला, किती वेळ ते सांगता येणार नाही. मग त्यांनी हात काढला, मागं वळले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि रुमाल सोडता सोडता म्हणाले, “लई ऊन हाय. पाणी दे गं जरा.”

आणि मी उठून त्यांना पाणी दिलं.